वर्गातली आणि समाजातली भाषा अभ्यासायला निघालेल्यांसाठी

इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी लोकांना एकाच शब्दाचे दोन उच्चार ऐकवले, एक प्रतिष्ठित मानला जाणारा आणि एक स्थानिक, आणि विचारले की यांतला तुमचा नेहमीचा उच्चार कोणता? याच लोकांचे बोलणे त्यांच्याकडे आधीपासून ध्वनिमुद्रित होते. सांगितलेले आणि बोललेले शेजारी ठेवल्यावर दोन्हींत तफावत निघाली. बऱ्याच स्त्रियांनी आपण प्रतिष्ठित उच्चार करतो असे सांगितले होते, पण बोलताना त्या तो तितका करत नव्हत्या. बऱ्याच पुरुषांचे नेमके उलटे होते. त्यांनी आपला उच्चार स्थानिक आहे असे सांगितले, आणि बोलण्यात मात्र प्रतिष्ठित उच्चार डोकावत होता. १९७२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातले कोणी खोटे बोलत नव्हते. आपण कसे बोलतो हे विचारले की माणूस बहुधा आपण कसे बोलावे असे त्याला वाटते, ते सांगतो.

असे असूनही भाषावापराचा अभ्यास करू पाहणारे नवे लोक पहिल्याच आठवड्यात प्रश्नावली तयार करतात. 'तुम्ही वर्गात कोणती भाषा वापरता?', 'घरी मुलांशी कोणत्या भाषेत बोलता?' उत्तरे येतात, त्यांचे तक्ते होतात, आणि हाती लागते ते भाषेबद्दलच्या मतांचे सर्वेक्षण. तेही उपयोगाचे असते, पण ते भाषावापराचे संशोधन म्हणून मांडले जाते तेव्हा गोंधळ होतो. आधी ऐकायचे आणि मग विचारायचे, असा माझा आग्रह आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी, स्वतःच्या वर्गाचा अभ्यास करू इच्छिणारे शिक्षक, भाषेच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते, या सगळ्यांना त्या चालाव्यात.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

'शिक्षणावर परभाषेचा प्रभाव' हा विषय एका माणसाला आयुष्यभर पुरेल आणि तरी उत्तर मिळणार नाही. 'विज्ञानाच्या तासाला शिक्षक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेमके केव्हा जातात?' या प्रश्नाचे उत्तर काही तासांच्या ध्वनिमुद्रणातून मिळू शकते. प्रश्न तपासायला एक सोपी कसोटी आहे. उत्तर शोधण्यासाठी काय ऐकावे किंवा पाहावे लागेल, ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

लहान प्रश्नाने मोठे उत्तर कसे मिळते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांचे आहे. न्यू यॉर्कमध्ये शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा 'र' काही लोक उच्चारत आणि काही गाळत. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये लबॉव शहरातल्या तीन मोठ्या दुकानांत गेले. सॅक्स महागडे, मेसीज मधले आणि क्लाइन स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू निवडून ते विक्रेत्याला विचारत, हा विभाग कुठे आहे? उत्तर येई, 'फोर्थ फ्लोअर'. नीट ऐकू आले नाही असे दाखवून ते पुन्हा विचारत, म्हणजे तेच दोन शब्द या वेळी जरा काळजीपूर्वक उच्चारले जात. मग आडोशाला जाऊन नोंद करत. एकूण २६४ विक्रेते झाले. 'र' पूर्णपणे किंवा काही वेळा उच्चारणाऱ्यांचे प्रमाण सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० निघाले. सामाजिक स्तर आणि उच्चार यांचे नाते दोन शब्दांच्या उत्तरातून समोर आले. प्रश्नावली नव्हती, मुलाखत नव्हती, आणि विक्रेत्यांना आपल्या उच्चाराकडे कोणी लक्ष देते आहे याचा पत्ताही नव्हता.

हा शेवटचा मुद्दा आज अडचणीचा आहे, त्याकडे परवानगीच्या टप्प्यावर येऊ.

थोडी परिभाषा, गरजेपुरती

सिद्धान्ताची शंभर पुस्तके वाचून मग वर्गात जाऊ, असे ठरवलेले बरेच लोक वर्गात कधी पोहोचतच नाहीत. सुरुवातीला चार-पाच संकल्पना पुरतात.

भाषापालट, म्हणजे कोड-स्विचिंग: बोलणारा एकाच संभाषणात एका भाषेतून किंवा बोलीतून दुसरीत जातो. हे भाषा कच्ची असल्याचे लक्षण मानले जाते, पण दोन्ही भाषा चांगल्या येणारेच ते सफाईने करतात. भाषाक्षेत्र: जोशुआ फिशमन यांनी १९६५ साली 'कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत आणि केव्हा बोलतो' हा प्रश्न ठेवला आणि घर, शाळा, कामाची जागा, धर्म अशी क्षेत्रे धरून विचार करायची वाट दाखवली. द्विस्तरता, म्हणजे डायग्लोसिया: चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली मांडलेली कल्पना. एकाच भाषेचे दोन प्रकार समाजात कामे वाटून घेतात, एक लेखनाला आणि औपचारिक प्रसंगांना, दुसरा रोजच्या बोलण्याला.

वर्गाचा अभ्यास करणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी वर्गातल्या संभाषणाचा अभ्यास करून १९७५ साली दाखवले की त्याचा मूळ साचा तीन चालींचा असतो. शिक्षक विचारतात, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तरावर शेरा देतात. वर्गाबाहेर आपण असे बोलत नाही. वाटेत कोणाला वेळ विचारली आणि त्याने सांगितल्यावर 'शाबास, बरोबर!' म्हटले तर तो चमकून पाहील. वर्गात ते अगदी साहजिक वाटते, कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते. हा साचा एकदा ओळखता आला की तो मोडतो ते क्षण आपोआप कानावर येतात, आणि बहुतेक वेळा अभ्यासाचा गाभा तिथेच असतो.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केलेला फरकही लक्षात असू द्या. दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतके प्रभुत्व मुले साधारण दोन वर्षांत मिळवतात, पण त्या भाषेत शिकण्याइतके, म्हणजे कारणमीमांसा, व्याख्या आणि अमूर्त वाचन पेलण्याइतके प्रभुत्व यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. मधल्या सुट्टीत मूल नव्या भाषेत खेळताना दिसले म्हणून त्याला धडाही समजतो, असे गृहीत धरून कितीतरी मुलांवर 'आळशी' हा शिक्का बसला आहे. तुमच्या नोंदीत खेळतानाची भाषा आणि तासाची भाषा यांचे रकाने वेगळे ठेवा.

परवानगी: सहीच्या पलीकडे

शाळेने लेखी परवानगी दिली म्हणजे काम झाले, असा समज फार पसरलेला आहे. मुख्याध्यापकांची परवानगी फक्त आत येण्याची असते. शिक्षकांची संमती स्वतंत्र लागते, आणि ती मुख्याध्यापकांच्या समोर मागू नका, कारण तिथे नकार देता येत नाही. मुलांच्या पालकांची संमती लागते. आणि मुलाचा स्वतःचा होकार लागतो, त्याला कळेल अशा शब्दांत समजावून. मूल खूप लहान असेल तरी त्याच्या चेहऱ्यावर नकार दिसतो. तो दिसला तर यंत्र बंद करा.

संमतिपत्र लोकांना समजणाऱ्या भाषेत हवे. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट भाषेच्या संशोधनातच सर्वाधिक मोडली जाते. लोकांच्या भाषेचा अभ्यास करायचा आणि त्यांच्याकडून त्यांना न कळणाऱ्या कायदेशीर भाषेतल्या कागदावर सही घ्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवा आणि होकार ध्वनिमुद्रित करा. 'कधीही माघार घेता येईल' असे लिहिले असेल तर माघार घेण्याची वाटही सांगा: कोणाला सांगायचे, कधीपर्यंत, आणि सांगितल्यावर त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे काय होईल.

नावे बदलणे पुरेसे नसते. लहान शाळेत गणिताच्या एकच बाई असतील तर 'गणिताच्या शिक्षिका' एवढ्यावर त्या ओळखल्या जातात. आवाज तर कोणाचाही ओळखता येतो. परिषदेत आवाजाचा तुकडा ऐकवायचा असेल तर त्याची संमती निराळी मागा. लबॉव यांनी दुकानात केले तसे, माणसाला न कळवता निरीक्षण करण्यावर आज संस्थांच्या नीतिसमित्या कडक नियम लावतात. सार्वजनिक जागी, कोणाची ओळख न नोंदवता, बिनधोक गोष्टीचे निरीक्षण काही ठिकाणी मान्य होते. लपवून ध्वनिमुद्रण करणे मात्र कधीही नको. समिती असेल तिथे आराखडा आधी दाखल करा. मंजुरीला वेळ लागतो आणि त्याआधी गोळा केलेली सामग्री बहुधा वापरता येत नाही.

ध्वनिमुद्रण

लबॉव यांनी या कामातल्या मूळ पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले: लोक निरीक्षण नसताना कसे बोलतात हे जाणून घ्यायचे, आणि जाणून घेण्याचा मार्ग तर निरीक्षण हाच. यातून पूर्ण सुटका नाही, पण तो पेच सैल करता येतो. यंत्राशिवाय काही दिवस वर्गात बसा. मग यंत्र आणा पण चालू करू नका, मुलांना ते हाताळू द्या. पहिल्या ध्वनिमुद्रणावर विसंबून निष्कर्ष काढू नका. काही काळाने शिक्षकांना धडा पुरा करायची घाई असते, मुलांना एकमेकांशी बोलायचे असते, आणि तुमच्याकडे लक्ष द्यायला कोणाला फुरसत उरत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. उच्चारांचा अभ्यास करायचा असेल तर वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर ध्वनिमुद्रण करा, कारण एमपी-थ्रीसारख्या दाबलेल्या फायलीत आवाजाचे बारकावे निघून जातात. फक्त संभाषणाचा अभ्यास असेल तर साध्या फोनचे ध्वनिमुद्रणही चालते. वर्गात एकच यंत्र शिक्षकांच्या टेबलावर ठेवले तर हाती शिक्षकांचाच आवाज येतो. मागच्या बाकांवर दुसरे ठेवा. पंखा, खिडकी आणि दार यांपासून लांब ठेवा. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत काढा आणि फायलीच्या नावात तारीख, ठिकाणाचे सांकेतिक नाव आणि क्रमांक घाला.

आणि टिपणवही विसरू नका. यंत्राला फळ्यावर काय लिहिले होते ते दिसत नाही, मुलाने मान हलवून दिलेले उत्तर ऐकू येत नाही. शाळेतून बाहेर पडल्यावर, कोणाशीही बोलण्याआधी, टिपणे पूर्ण करा. एका पानावर काय घडले ते आणि समोरच्या पानावर तुम्हाला काय वाटले ते लिहा, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होत नाही.

ऐकून उतरवणे

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा समजला जातो आणि लोक तो दुसऱ्याकडे सोपवतात. मी तसे करू नका असे सांगेन. संशोधन इथेच घडते. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या साध्या उताऱ्यालाही, म्हणजे ते ऐकून लिहून काढायला, चार ते सहा तास सहज लागतात, आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलणे, थांबे, हेल हे सगळे टिपायचे असेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून सगळे ध्वनिमुद्रण एकाच बारकाईने उतरवू नका. आधी सगळे ऐका आणि दर पाच मिनिटांना काय घडते याची एक-दोन ओळींची सूची करा. मग तुमच्या प्रश्नाशी संबंधित भाग निवडून तेवढेच तपशिलात उतरवा. निवड कोणत्या निकषावर केली ते लिहून ठेवा, कारण वाचक ते विचारणारच.

संभाषण उतरवण्याची जी चिन्हे जगभर वापरली जातात त्यांचा पाया गेल जेफरसन यांनी घातला. कंसातला आकडा म्हणजे सेकंदांतला थांबा. बरोबरचे चिन्ह म्हणजे मधे क्षणाचाही खंड न पडता दुसऱ्याने बोलणे उचलले. चौकोनी कंस म्हणजे दोघे एकाच वेळी बोलले. समजावण्यासाठी रचलेला हा तुकडा पाहा:

शिक्षक: पान हिरवं का दिसतं? (०.८)
विद्यार्थी १: त्याच्यात ते असतं ना, म्हणजे ऊन पडलं की=
विद्यार्थी २: =क्लोरोफिल!
शिक्षक: बरोबर. क्लोरोफिल. हरितद्रव्य. (०.४) आता पुढचा प्रश्न.

याच प्रसंगाची नोंद 'शिक्षकांनी प्रश्न विचारला, विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले' अशी केली असती तर काय हरवले असते ते बघा. पहिला विद्यार्थी घरच्या भाषेत कारण मांडायला लागला होता, ऊन आणि पान यांचा संबंध जोडत होता. दुसऱ्याने पारिभाषिक शब्द टाकला आणि 'बरोबर' त्याला मिळाले. का, या प्रश्नाचे उत्तर एका नावाने मिटले. पहिल्याचे वाक्य अर्धेच राहिले, आणि ते अर्धे राहिल्याचे वर्गात कोणाच्या लक्षातही आले नाही. शिक्षकांनी प्रतिशब्दही दिला, म्हणजे त्यांना दोन्ही भाषांची काळजी आहे. मात्र ०.४ सेकंदांनी ते पुढे गेले. एवढा सगळा ऐवज चार ओळींत आहे, आणि तो चिन्हांमुळे दिसतो.

थांब्यांची गोष्ट निघाली म्हणून: मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले आपणहून बोलतात आणि 'माहीत नाही' हे उत्तर कमी होते. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला तर आधी वाक्य जुळवायचे असते. नवशिक्याने पहिला अभ्यास म्हणून फक्त थांबे मोजावेत असे मी मनापासून सुचवेन. साधन म्हणून प्राट हे आवाज तपासण्याचे, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातले पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केले आहे. उतारा आणि ध्वनी किंवा चित्रफीत एकत्र जुळवायची असेल तर नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या मॅक्स प्लांक संस्थेचे इलान हे सॉफ्टवेअर वापरा, तेही मोफत आहे.

एक वादाचा मुद्दा: बोली कशी लिहायची? बोलणारा 'पानी' म्हणाला आणि तुम्ही 'पाणी' लिहिले तर सामग्री बदलली. पण फक्त बोली बोलणाऱ्यांचे उच्चार जसेच्या तसे लिहायचे आणि शिक्षकांचे 'सांगितलं'चे 'सांगिटलं' झाले तरी ते गुपचूप सुधारायचे, हा त्याहून मोठा अन्याय. उताऱ्यात एक माणूस सुशिक्षित आणि दुसरा अडाणी दिसतो, आणि तसा तो दिसतो तुमच्या लेखणीमुळे. एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्येच बजावले होते की उतारा ही निव्वळ नक्कल नसते, काय टिपायचे आणि काय सोडायचे यातच सिद्धान्त दडलेला असतो. उच्चार महत्त्वाचे असतील तर सर्वांचे उच्चारानुसार लिहा, नसतील तर सर्वांचे प्रमाण लेखनानुसार. नियम एकच हवा.

मोजणे

समजा तुमच्या नोंदीत एका शिक्षकाने दुसऱ्या भाषेतले शब्द एका तासात तीस वेळा वापरले. हा आकडा मुका आहे. तीस, पण किती संधींपैकी? जिथे तो शब्द येऊ शकला असता आणि आला नाही अशा जागाही मोजाव्या लागतात. भाषेतली विविधता मोजणाऱ्यांमध्ये हे मूलभूत तत्त्व मानले जाते, आणि नव्या अभ्यासांत तेच बहुतेक वेळा सुटते. चाळीसपैकी तीस आणि चारशेपैकी तीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्गवारी करताना आधी थोडी सामग्री वाचून प्रकार ठरवा: भाषापालट शिस्तीसाठी, स्पष्टीकरणासाठी, परिभाषेसाठी, आपुलकीसाठी. मग प्रत्येक प्रकाराची व्याख्या आणि एक उदाहरण लिहून ठेवा, आणि तुमचे निकाल न दाखवता दुसऱ्या कोणाकडून सामग्रीचा काही भाग वर्गीकृत करून घ्या. दोघांचे किती जुळते ते मोजा. नुसती टक्केवारी फसवी ठरते. नव्वद टक्के नोंदी एकाच प्रकारच्या असतील तर दोघांनी डोळे मिटून तोच प्रकार लिहिला तरी खूप जुळेल. योगायोगाने जुळण्याचा हा भाग वजा करणारे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली दिले. त्याला कापा म्हणतात आणि ते संगणकावर सहज निघते. जिथे जुळले नाही त्या नोंदींवर बसून बोला. व्याख्या तिथेच धारदार होतात.

तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाणाऱ्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि त्या आधी वाचा.

आता विचारा

मुलाखतीची वेळ ही. एव्हाना तुमच्याकडे प्रत्यक्ष बोललेले काहीतरी आहे, आणि त्यावर बोलता येते. शिक्षकांना त्यांच्याच तासाचा एक तुकडा ऐकवा आणि विचारा, इथे काय चालले होते? 'तुम्ही इथे भाषा का बदलली?' असे विचारलेत तर समर्थन ऐकायला मिळेल. भाषेच्या सवयीबद्दल विचारायचेच असेल तर 'साधारणपणे' हा शब्द टाळा. 'काल संध्याकाळी घरी कोण कोण होते आणि कोण कोणाशी कसे बोलले?' या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून येते, 'तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?' याचे उत्तर अभिमानातून किंवा संकोचातून.

मुलाखत घेणारा कोण, यावर उत्तर ठरते. लबॉव यांनी १९६९ मध्ये दिलेले एक उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातला लिऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा मुलाखतीत एक-दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. मुलाखत घेणारे क्लॅरन्स रॉबिन्स स्वतः हार्लेममध्ये वाढलेले होते, तरीही. पुढच्या खेपेला ते बटाट्याचे वेफर्स घेऊन आले, लिऑनच्या जिवलग मित्राला बोलावले, स्वतः जमिनीवर बसले आणि मोठ्यांसमोर बोलू नयेत अशा गोष्टी आपणहून काढल्या. तोच मुलगा भरभरून बोलू लागला, मित्राच्या बोलण्यात बोलू लागला. पहिल्या मुलाखतीवरून त्याला 'भाषेत मागे' ठरवणे किती सोपे होते! जगभर अशा एकाच कसोटीवर मुले मागे ठरवली जातात. चाचणीतले मौन ही भाषेची उणीव मानण्याआधी खोलीत कोण बसले होते ते पाहा.

लोकांचा भाषेबद्दलचा दृष्टिकोन थेट विचारून कळत नाही. त्यासाठी वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली मॉन्ट्रियलमध्ये वापरलेली युक्ती अजून उपयोगी पडते. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींनी तोच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचला. ऐकणाऱ्यांना वाटले की ही वेगवेगळी माणसे आहेत, आणि त्यांनी प्रत्येक 'माणसाच्या' हुशारीला, उंचीला, विश्वासार्हतेला गुण दिले. आवाज तोच, तरी इंग्रजी बोलताना तो वरचढ ठरला, आणि फ्रेंच भाषक ऐकणाऱ्यांनीही अनेक गुणांत इंग्रजी आवाजालाच झुकते माप दिले. यात ऐकणाऱ्याला थोडे अंधारात ठेवावे लागते, म्हणून प्रयोग संपताच खरे काय ते सांगणे बंधनकारक समजा.

वर्गाबाहेर

समाजातला भाषावापर अभ्यासायला एक तक्ता फार कामी येतो. सुझन गॅल यांनी ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट या हंगेरियन-जर्मन द्विभाषिक गावात राहून तो वापरला आणि १९७९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. उभ्या ओळीत बोलणारी माणसे वयानुसार, आडव्या ओळीत ज्यांच्याशी बोलले जाते ते: एका टोकाला देव, मग आजी-आजोबांची पिढी, पुढे आईवडील, भावंडे, मित्र, आणि दुसऱ्या टोकाला सरकारी अधिकारी आणि डॉक्टर. प्रत्येक चौकोनात भाषा. भरलेला तक्ता पाहिला की एक तिरपी रेघ दिसते, जिच्या एका बाजूला हंगेरियन आणि दुसऱ्या बाजूला जर्मन. भाषा कोणत्या नात्यातून आधी आणि कोणत्या नात्यातून शेवटी निघून जाते ते त्या रेघेवर वाचता येते. गॅल यांनी लोकांनी सांगितलेले प्रत्यक्ष निरीक्षणाशी पडताळूनही पाहिले. तरुण स्त्रिया जर्मनकडे सर्वांत पुढे झुकल्या होत्या, आणि त्यामागे शेतकऱ्याची बायको होण्याचे कष्टाचे आयुष्य नाकारणे होते. कारणाचा हा धागा तक्त्यातून निघाला नाही, गावात वर्षभर राहिल्याने मिळाला.

पाट्यांचा अभ्यास आटोपशीर असतो, पहिल्या प्रकल्पाला योग्य. रॉड्रिग लँड्री आणि रिचर्ड बूरी यांनी १९९७ मध्ये रस्त्यावरच्या पाट्यांचे माहिती देणे आणि प्रतिष्ठा दाखवणे असे दोन उपयोग वेगळे केले. ठराविक पट्ट्यातल्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढा, आवडलेल्यांचे नाही. एक पाटी म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर एका दुकानावरच्या पाच फलकांना कोणी एक मोजेल, कोणी पाच. पाटी सरकारी की खाजगी, भाषांचा क्रम आणि आकार, आणि कोणता मजकूर कोणत्या भाषेत हे नोंदवा. स्वागत स्थानिक भाषेत आणि दंडाचा इशारा दुसऱ्याच भाषेत असेल तर ते लिहून ठेवण्यासारखे आहे.

जनगणनेचे आकडे वापरताना आकड्याआधी प्रश्न वाचा. कॅनडाची जनगणना लहानपणी घरी प्रथम शिकलेली आणि अजून समजणारी भाषा वेगळी विचारते आणि घरी सर्वाधिक बोलली जाणारी भाषा वेगळी. या दोन आकड्यांतले अंतर हाच भाषा टिकते की ओसरते याचा निर्देशक. जिथे एकच प्रश्न विचारला जातो तिथे हे अंतर दिसत नाही.

लिहिणे आणि परत देणे

'मुलांची भाषा अशुद्ध आहे', 'शब्दसंपत्ती अपुरी आहे' अशी वाक्ये निष्कर्षात आली तर थांबा. कशाच्या तुलनेत? शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दोन वस्त्यांत सुमारे दहा वर्षे काम करून १९८३ मध्ये दाखवले की ट्रॅक्टन या टोपणनावाच्या वस्तीत मोठी माणसे मुलांना उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारत नसत. 'हे कशासारखे आहे?' असे विचारत. शाळेत 'हा रंग कोणता?' विचारल्यावर ही मुले गप्प होत, कारण विचारणाऱ्याला तो दिसतोच आहे. शिक्षकांनी हे समजून घेऊन प्रश्नांची धाटणी बदलली तेव्हा मुले बोलती झाली. म्हणून 'मुलांना येत नाही' याऐवजी 'शाळेने जे विचारले आणि मुलांना घरी जे विचारले जाते त्यात हा फरक आहे' असे लिहिता येते का ते पाहा. बहुतेक वेळा येते, आणि तेच अधिक अचूक असते.

असे अचूक लिहिलेले न्यायालयातही टिकते. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरातल्या खटल्यात जिनीवा स्मिदरमन, लबॉव आणि इतर भाषाभ्यासकांनी कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या इंग्रजीबद्दल बाजू मांडली, आणि न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी शाळा-मंडळाला आदेश दिला की मुलांची घरची भाषा ओळखून तिचा वाचन शिकवताना विचार करण्यासाठी शिक्षकांना मदत करा.

अहवाल छापण्याआधी ज्यांचे बोलणे घेतले त्यांच्याकडे परत जा. पूर्ण प्रबंध देऊ नका, कोणी वाचत नाही. दोन पानांचा मजकूर त्यांच्या भाषेत लिहा आणि शिक्षकांना त्यांच्या तासातला एखादा उतारा छापून द्या. त्यांना काही चुकीचे वाटले तर ते मत अहवालात नोंदवा, पटले नाही तरी. मुलांनाही सांगा की तुम्ही काय ऐकले. ध्वनिफिती किती वर्षे ठेवणार, कोण ऐकू शकेल आणि कधी पुसणार हे संमतिपत्रात लिहिले होते त्याप्रमाणेच करा, आणि पुसल्यावर त्यांना कळवा.